शुश्रूषेचे गुणपत्रक

इसवी सन १८६० च्या उन्हाळ्यात लंडन येथील सेंट टॉमस ह्या जुन्या इस्पितळात एक लहानशी शाळा उघडली. ह्या शाळेला स्वतंत्र इमारत नव्हती, विद्यार्थिनींसाठी मुद्दाम लिहिलेले पाठ्यपुस्तक नव्हते, आणि वर्षाअखेर घ्यावयाची सार्वजनिक परीक्षाही नव्हती. होते ते एक छापील कोष्टक. इस्पितळाच्या मेट्रनबाईंनी दर महिन्यास प्रत्येक उमेदवार परिचारिकेच्या नावाने ते भरावयाचे आणि एकेका बाबीपुढे उत्तम, चांगले, मध्यम, अपुरे किंवा शून्य असा शेरा मांडावयाचा. आजच्या कोणत्याही शाळेतील पालकाला असल्या कागदाचे काही नवल वाटणार नाही. परंतु रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या बाईला नेमके काय यावे, हे बाबवार लिहून काढून त्याला गुण देण्याचा असा व्यवस्थित प्रयत्न त्यापूर्वी इंग्लंडात कोणी केला नव्हता. त्या कोष्टकात काय होते, ते पुरते अमलात का आले नाही, आणि आपल्या देशात त्याचा वंश कसा वाढला, ही हकीकत ऐकण्याजोगी आहे.

त्या काळी शुश्रूषा ही शिकावयाची विद्या आहे, असे फारसे कोणी मानीत नसे. घरातले दुखणेबाणे घरातल्या बायकांनी पाहावे आणि इस्पितळातले मोलाच्या बायकांनी, अशी वहिवाट होती. चार्ल्स डिकन्सने १८४३-४४ साली क्रमशः प्रसिद्ध केलेल्या 'मार्टिन चझलविट' ह्या कादंबरीत सेरी गँप नावाची एक मद्यपी, स्वार्थी नर्स रंगविली, आणि पुढे कितीतरी वर्षे इंग्रजी वाचकांच्या मनात जुनी नर्स म्हटली की तीच उभी राही. हे चित्र सरसकट खरे मानणे मात्र अन्यायाचे होईल. मोठ्या इस्पितळांतून वर्षानुवर्षे एकाच वॉर्डात राबून पुष्कळ काही शिकलेल्या 'सिस्टर' तेव्हाही होत्या. खुद्द सेंट टॉमसच्या मेट्रन सेरा वॉर्ड्रोपर ह्या विधवा बाई कोणत्याही शाळेत शुश्रूषा शिकल्या नव्हत्या. त्या कामावरच तयार झाल्या होत्या. उणीव होती ती निराळीच. असल्या जाणत्या बाईचे ज्ञान तिच्याबरोबर वॉर्डात येई आणि तिच्याबरोबरच जाई. ते दुसरीला देण्याची सोय नव्हती.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांना ही उणीव स्वतःच्या अनुभवाने कळली होती. त्यांचा जन्म १८२० चा, सुखवस्तू आणि प्रतिष्ठित घराण्यातला. इस्पितळात जाऊन काम शिकण्याची त्यांची इच्छा घरच्यांना वर्षानुवर्षे अब्रूला बाध आणणारी वाटत होती. अखेर १८५१ साली त्यांना जर्मनीत ऱ्हाइनकाठी कैसर्सवेर्थ येथे तीन महिने राहावयास मिळाले. पाद्री थिओडोर फ्लीडनर ह्यांनी १८३६ साली तेथे सेविकांची संस्था काढली होती. तेथील सेवाभावाचे बाईंनी जन्मभर कौतुक केले. परंतु शुश्रूषेचे शास्त्र म्हणावे असे तेथे फारसे नव्हते, हेही त्या स्पष्टपणे सांगत. भक्ती होती, विद्या नव्हती.

क्रिमियाच्या युद्धाची कथा शाळकरी मुलांनाही माहीत असल्यामुळे ती येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. १८५४ च्या ऑक्टोबरात अडतीस परिचारिका बरोबर घेऊन बाई निघाल्या आणि ४ नोव्हेंबरला स्कुटारीच्या बराकीतील इस्पितळात पोहोचल्या. हातात दिवा घेऊन रात्री फिरणारी देवी असे त्यांचे जे चित्र घरोघर लागले, त्यात दोन गोष्टी दिसत नाहीत. एक अशी की, त्या अडतीसांपैकी सगळ्याच जणी उपयोगी पडल्या नाहीत; काहींना परत धाडावे लागले. मनात दया असणे वेगळे आणि जखम धुता येणे वेगळे, हे तेथे उघड झाले. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. बाई येऊन तीन महिने झाल्यावर, म्हणजे १८५५ च्या फेब्रुवारीत, स्कुटारीतील मृत्यूचे प्रमाण शेकडा बेचाळिसांवर गेले होते. मार्चमध्ये सरकारने पाठविलेले आरोग्य-कमिशन आले, गटारे उपसली गेली, पाणी व हवा ह्यांची व्यवस्था झाली, आणि थोड्याच महिन्यांत ते प्रमाण झपाट्याने उतरले. परत आल्यावर विल्यम फार ह्या संख्याशास्त्रज्ञाबरोबर आकडे मांडून पाहिले तेव्हा बाईंना ह्याचा पुरता उलगडा झाला. आपल्या डोळ्यांदेखत माणसे मेली ती मुख्यतः घाणीने मेली, आणि आपल्याला ते वेळीच दिसले नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. पुढे त्यांनी परिचारिकेच्या शिक्षणात निरीक्षणाला जे स्थान दिले, ते ह्या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्याचे वजन कळते.

इंग्लंडातील कृतज्ञ जनतेने १८५५ साली बाईंच्या नावाने फंड सुरू केला आणि त्यात चव्वेचाळीस हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. ह्या पैशांतून सेंट टॉमसची शाळा निघाली. बाई तेव्हा प्रकृतीने खचल्या होत्या. शाळेची सूत्रे त्यांनी अंथरुणावरून पत्रांच्या द्वारे हालविली आणि वॉर्डातील कारभार वॉर्ड्रोपरबाईंकडे राहिला. उमेदवार पंचवीस ते पस्तीस वयाच्या असाव्यात, प्रकृतीचा व चारित्र्याचा दाखला त्यांनी आणावा, शिक्षण एक वर्षाचे, राहणे-जेवणे व पोशाख फुकट आणि वर्षाला दहा पौंड हातखर्च, अशा अटी होत्या.

आता ते कोष्टक. त्याचे दोन भाग होते. पहिल्या भागात वागणुकीचे गुण : वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, अंगाची व कपड्यांची स्वच्छता, वॉर्डाची व्यवस्था. त्याच्या जोडीला उमेदवार निर्व्यसनी, प्रामाणिक व सत्यवादी असावी ही अट होतीच. आजच्या वाचकाला हा भाग थोडा उपदेशी वाटेल. परंतु सेरी गँपच्या पिढीची आठवण ताजी असताना निर्व्यसनीपणाची अट घालणे हा नीतिपाठ नव्हता, व्यवहार होता. ब्रँडीची बाटली औषधाच्या कपाटात असे आणि किल्ली नर्सच्या कमरेला.

दुसरा भाग हातांच्या कसबाचा, आणि तो वाचताना एखाद्या जुन्या वैद्याच्या घरची लगबग डोळ्यांपुढे उभी राहते. फोड, भाजल्याच्या जागा, व्रण आणि जखमा बांधणे. शेक देणे, पोटीस लावणे. जळवा लावणे. पुरुष व स्त्री रोग्यांस बस्ती देणे. अंग व हातपाय चोळण्याची योग्य रीत. पट्ट्या तयार करणे आणि गुंडाळणे, मोडलेल्या हाडाला बांधावयाच्या फळ्यांना अस्तर लावणे. रोगी बिछान्यावर असतानाच त्याच्या अंगाखालची चादर बदलणे. शस्त्रक्रियेच्या वेळी हजर राहणे. पातळ पेज, आरारूट, अंड्याचे पेय, रोग्याला मानवतील अशी सरबते तयार करणे. रात्रंदिवस खोलीत ताजी हवा खेळती ठेवणे आणि भांडी निर्मळ राखणे. आणि ज्याला हलता येत नाही अशा रोग्याचे सर्व काही : त्याला उचलणे, कूस बदलविणे, पुसणे, भरविणे, उबेत किंवा गारव्यात ठेवणे, आणि पाठीला अंथरुणाच्या जखमा पडू न देणे. ह्या शेवटच्या बाबीला कोष्टकात बरेच स्थान आहे, आणि ते योग्यच होते. पाठीची जखम पडली की ती बरी करणे पुढे डॉक्टरांनाही जड जाते; ती पडू न देणे सर्वस्वी नर्सच्या हाती असते. रोगी कोणत्या परिचारिकेच्या हाताखाली होता हे त्याच्या पाठीवरून ओळखता येते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ह्या सर्वांच्या अखेरीस एक कलम होते, आणि सबंध यादीचा जीव त्या कलमात आहे. रोग्याचे निरीक्षण. काय पाहावयाचे तेही त्यात सांगितले होते : मलमूत्र, कफ, नाडी, त्वचा, भूक, बुद्धी ठिकाणावर आहे की वात झाला आहे की गुंगी आली आहे, श्वास, झोप, जखमेची स्थिती, अंगावर उठलेले पुरळ, पू धरणे, आहाराचा, उत्तेजक पेयांचा आणि औषधांचा परिणाम. हे सारे पाहून डॉक्टरला नेमके सांगता आले पाहिजे. डॉक्टर दिवसातून एकदा किंवा दोनदा येणार. उरलेल्या तासांत रोग्याचे काय होत आहे हे पाहणारे डोळे परिचारिकेचेच.

हे पाहणे वाटते तितके सोपे नाही. शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात बाईंनी झोपेचे एक उदाहरण दिले आहे. रोग्याला रात्र चांगली गेली का, असे विचारले तर उत्तर निरुपयोगी येते. एखाद्याला दहा तास सलग झोप लागली नाही तर रात्र वाईट गेली असे वाटते, आणि दुसरा अधूनमधून डुलक्या लागल्या तरी चांगली गेली म्हणतो. तेव्हा किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या प्रहरी लागली, असे विचारावे. प्रश्न जसा असेल तसेच उत्तर मिळते, ही गोष्ट वकिलांना व शिक्षकांना माहीत असते. नर्सलाही ती माहीत पाहिजे, हा त्या प्रकरणाचा रोख आहे. आणखी एक लक्षात ठेवावे. १८६० साली परिचारिकेच्या खिशात थर्मामीटर नव्हता. अंगातला ताप मोजण्याची सुटसुटीत लहान नळी टॉमस ऑलबट ह्यांनी त्यानंतर सहा-सात वर्षांनी तयार केली. रक्तदाब मोजण्याचे पट्ट्याचे यंत्र तर १८९६ चे. तोवर त्वचा हाताने आणि नाडी बोटांनीच कळावयाची.

कागद इतका चांगला होता. कृती मात्र तशी झाली नाही. शाळेची कीर्ती देशोदेशी पसरत असताना आत काय चालले होते, हे प्रथम खुद्द बाईंच्याच ध्यानात १८७१-७२ च्या सुमारास आले. इस्पितळ नुकतेच थेम्स नदीकाठी लँबेथ येथील भव्य इमारतीत गेले होते. खाटा वाढल्या, काम वाढले. उमेदवारांशी बोलता बोलता बाईंना कळले की, निवासी वैद्यकीय अधिकारी व्हिटफील्ड ह्यांनी द्यावयाची व्याख्याने, ज्यांसाठी फंडातून त्यांना मानधन मिळत असे, ती प्रत्यक्षात होतच नव्हती. सिस्टरांना शिकविण्यास फुरसत नव्हती, आणि कित्येकींना शिकविणे ठाऊकही नव्हते. मासिक कोष्टके भरली जात होती, शेरे पडत होते. पण ज्या बाबींबद्दल शेरे पडत होते त्यांतील काही कोणी शिकविलेल्याच नव्हत्या. परीक्षा आहे आणि पाठ नाही, ही अवस्था पुढे पुष्कळ ठिकाणी आली. तिचा हा एक प्रसिद्ध नमुना होय.

मूळ दुखणे असे होते की, उमेदवार विद्यार्थिनीही होती आणि राबणारी बाईही. इस्पितळाला तिच्या हातांची गरज होती. वॉर्डात पाच जणी कमी पडल्या की पाच उमेदवार घातल्या, आणि त्या दिवशीचे शिक्षण संपले. फंडाचे जुने दफ्तर तपासून मोनिका बेली ह्या संशोधिकेने १८८६ साली नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनी, १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे सारे सविस्तर मांडले, तेव्हा नाइटिंगेलच्या शाळेविषयीच्या पुष्कळ गोड समजुतींना धक्का बसला. तथापि बाईंची थोरवी ह्याने उणी होत नाही. दोष दिसताच त्यांनी तो झाकला नाही. १८७२ साली जॉन क्रॉफ्ट ह्या शल्यवैद्यांना शिक्षक नेमले आणि त्यांची व्याख्याने छापून उमेदवारांच्या हाती दिली. प्रत्येक उमेदवाराने ठराविक रोग्यांची टाचणे ठेवावीत, दिवसाचे काम रोजनिशीत लिहावे, असा नियम झाला. ह्या वह्या बाई स्वतः मागवून वाचीत. उमेदवारांच्या राहत्या घरी अभ्यास पाहण्यासाठी निराळी सिस्टर ठेवली. आणि त्याच वर्षापासून बाई उमेदवारांस उद्देशून पत्रे लिहू लागल्या.

ह्यानंतर वाद पेटला तो प्रमाणपत्राचा. एथेल मॅन्सन ही बुद्धिमान तरुणी १८८१ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळाची मेट्रन झाली. डॉक्टर बेडफर्ड फेनविक ह्यांच्याशी विवाह झाल्यावर १८८७ साली तिने परिचारिकांची संघटना काढली आणि मागणी केली की, तीन वर्षे शिक्षण झालेल्या नर्सचे नाव सरकारी नोंदवहीत यावे, आणि इतरांना नर्स म्हणवून घेता येऊ नये. नाइटिंगेलबाईंनी ह्याला कसून विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, परीक्षेने पाठांतर कळेल. रात्री दोन वाजता कोणी पाहत नसताना ही बाई कशी वागेल हे कळणार नाही. आणि एकदा नाव चढले की ते जन्मभर राहील, मग बाई पुढे कितीही बिघडो. हा मुद्दा खोटा नव्हता. परंतु फेनविकबाईंचा मुद्दा त्याहून निकडीचा होता. ज्यांना नोंदवही नाही, ठराविक मुदत नाही, त्या उमेदवारांचे रक्षण कोण करणार? लंडन इस्पितळात शिक्षणाची मुदत दोन वर्षांची ठेवून दुसऱ्या वर्षी त्यांना खासगी घरी कामास पाठवीत आणि त्याचा पैसा इस्पितळास मिळे, अशा तक्रारी १८९० नंतर उमरावांच्या सभेच्या चौकशी समितीपुढे आल्या. ज्येष्ठ बाईंनी गुणांची काळजी वाहिली, धाकट्या बाईंनी हक्कांची. ह्या बाबतीत काळाने धाकटीला कौल दिला. न्यूझीलंडने १९०१ साली कायदा केला, इंग्लंडने १९१९ साली. बाई १९१० साली निवर्तल्या होत्या. इंग्लंडच्या नोंदवहीत पहिला क्रमांक एथेल फेनविक ह्यांचा लागला.

आता आपल्या देशाकडे वळू. नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधीही आल्या नाहीत, तरी १८५९ साली नेमलेल्या हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्यविषयक कमिशनपासून पुढे आयुष्यभर त्यांनी येथील पाणी, गटारे आणि दुष्काळ ह्यांचा पिच्छा पुरविला. परिचारिकांचे शिक्षण येथे आले ते मात्र इतर वाटांनी. १८८८ च्या फेब्रुवारीत लष्करी इस्पितळांसाठी दहा इंग्रज परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. त्याआधी दोन वर्षे, १८८६ साली, पेस्तनजी होरमसजी कामा ह्यांच्या देणगीतून स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी बांधलेले कामा इस्पितळ सुरू झाले होते. तेथील डॉक्टर ईडिथ पीची ह्या एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीसाठी झगडलेल्या सात जणींपैकी एक. त्यांनी येथे परिचारिका तयार करण्याचे काम अंगावर घेतले. जे. जे. इस्पितळ १८४५ पासून चालू होतेच. तेथे १८९१ साली बाई काशीबाई गणपत शिक्षणासाठी दाखल झाल्या; असे शिक्षण घ्यावयास आलेल्या पहिल्या हिंदी परिचारिका म्हणून शुश्रूषेच्या इतिहासग्रंथांत त्यांचे नाव नोंदलेले आहे. नावापलीकडे त्यांच्याविषयी इतिहासाने फारसे जपून ठेवले नाही. पहिल्या वकिलाचे, पहिल्या पदवीधराचे चरित्र आपण लिहितो. पहिल्या नर्सबाईचे लिहावे असे कोणास वाटले नाही.

त्याचे कारण उघड आहे. लंडनच्या कोष्टकातील एकेक कलम आपल्या घरांतून ठेवून पाहावे. परक्या पुरुषाला बस्ती देणे. मलमूत्र पाहणे, पाहूनच न थांबता ते तपशीलाने सांगणे. वाटेल त्या जातीच्या रोग्याला भरविणे. रात्रपाळी करणे. वरच्या म्हणविणाऱ्या जातींत ह्यांतले एकही कलम सहन होण्यासारखे नव्हते. म्हणून कित्येक वर्षे हा धंदा युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती स्त्रियांनीच उचलून धरला. मिरजेस १८९४ साली डॉक्टर वॉनलेस ह्यांनी काढलेल्या मिशन इस्पितळासारख्या ठिकाणी कितीतरी मुली तयार झाल्या. त्यांच्या हातची सेवा घेण्यास सर्व जातींचे रोगी राजी असत. आपल्या मुलीने ते काम करावे असे मात्र थोड्यांनाच वाटे.

शुश्रूषा म्हणजे हलके काम नव्हे, हे पटवून देणारी माणसेही येथे होऊन गेली. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ सावित्रीबाई फुले ह्यांनी मुंढव्याहून एका प्लेगग्रस्त मुलाला स्वतः उचलून आपल्या मुलाच्या दवाखान्यात आणले, आणि त्याच रोगाने १० मार्चला त्यांचा अंत झाला. त्यांना शुश्रूषेचे शिक्षण कोणी दिले नव्हते, आणि प्लेगापासून बचाव कसा करावा हे तेव्हा डॉक्टरांनाही धड ठाऊक नव्हते. पुढे रमाबाई रानडे ह्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले आणि विधवा मुलींना ससून इस्पितळात शुश्रूषा शिकण्यास पाठविण्याचे धाडस केले. ज्या समाजात विधवेचे दर्शन अपशकुनी मानीत, तेथे तिलाच रोग्याच्या उशाशी नेऊन बसविणे ही साधी गोष्ट नव्हती. घरोघर जाऊन आईबापांची समजूत घालावी लागे.

त्याच १९०९ साली मुंबई इलाख्यात परिचारिकांची संस्था स्थापन झाली, आणि १९३५ साली नोंदणीचा कायदा झाला. कायदा झाला तरी माणसे कोठून आणावयाची? सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने १९४६ साली हिशेब मांडला तेव्हा सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे सात हजार परिचारिका निघाल्या, म्हणजे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक. इंग्लंडात हेच प्रमाण तीनशेंस एक होते. येथे डॉक्टर सहा हजार तीनशेंस एक होता. एका नर्समागे जवळजवळ सात डॉक्टर, असा हा उलटा मनोरा. आज्ञा देणारे सात आणि ती पाळून रात्रभर जागणारी एक. असल्या टंचाईत, सेंट टॉमसमध्ये जे घडले ते येथे टळणे शक्य नव्हते. विद्यार्थिनींच्याच बळावर वॉर्ड चालू लागले. १९४६ सालीच दिल्ली व वेल्लोर येथे पदवीचे शिक्षण सुरू झाले, आणि १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात येण्याची वाट मोकळी झाली. विद्यार्थिनी ही प्रथम विद्यार्थिनी, हे तत्त्व त्यामुळे निदान नियमात आले.

आज पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. परिषदेने २०२१ साली राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या सुधारित अभ्यासक्रमात परिचारिकेच्या अंगी बाणावयाच्या दहा मूलभूत क्षमता सांगितल्या आहेत. रुग्णाला केंद्रस्थानी ठेवणे, सुरक्षितता, संवाद, एकमेकांच्या साहाय्याने काम करणे, पुराव्यावर आधारलेली सेवा, माहिती-तंत्रज्ञान इत्यादी. जळवा गेल्या, पोटीस गेले, निर्व्यसनीपणाची अट काढून टाकण्याइतका विश्वास उत्पन्न झाला. पुतळ्यांवर हात बसवून मग रोग्याला हात लावावयाचा, अशी सोयही झाली.

एक कलम मात्र जसेच्या तसे टिकून आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या संस्थेने २०१२ साली, रोगी बिघडू लागला आहे हे वेळीच ओळखण्यासाठी, वॉर्डात भरावयाचा एक गुणतक्ता तयार केला. २०१७ साली तो सुधारला. त्यात सहा गोष्टी मोजतात : श्वास, रक्तातील प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि अंगाची उष्णता. प्राणवायू व रक्तदाब यंत्रांनी आणले. बाकीच्या चार १८६० च्या कोष्टकात होत्याच, उष्णतेऐवजी तेथे त्वचा म्हटले होते इतकेच. ह्या सहांत श्वासाची मोजणी सर्वांत अधिक टाळली जाते, असे अनेक देशांतील वैद्यकतज्ज्ञ सांगतात. नाडी व प्राणवायू बोटाला लावलेले यंत्र क्षणात दाखविते. श्वास मोजावयास मात्र रोग्याच्या छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट उभे राहावे लागते, आणि आपण मोजीत आहो हे त्याला कळू द्यावयाचे नसते, नाहीतर त्याचा श्वास बदलतो. परिषदेच्या नियमाप्रमाणे शिक्षण देणाऱ्या इस्पितळात तीन रोग्यांमागे एक आणि साध्या इस्पितळात पाच रोग्यांमागे एक परिचारिका हवी. भरगच्च सरकारी वॉर्डात रात्रपाळीला ही संख्या कितपत पाळली जाते, हे आपला माणूस तेथे निजवून बाहेर बाकावर रात्र काढलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.